भीमराजाचा श्रावण

वाकोला, २ जुलै २०२५

चि. श्रुतिका बाय,

तुला आशीर्वाद, तुझ्या आईबाबांना आशीर्वाद, आणि तू माझ्या गळ्यात बांधून गेलीस त्या टबातल्या लोकांना काय द्यावं ते कळेना, म्हणून पालक दिला.

सोलापूरला नीट पोचलात हे निलेशच्या मेसेजवरून कळलं. फोन करू नको म्हणावं त्याला. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, मग तो तिकडून ओरडतो, मी इकडून ओरडते आणि वरची जयंती जिना उतरून धावत येते, मावशी काय झालं, मावशी काय झालं. त्यापेक्षा पत्र बरं. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण जेवढं शिकले तेवढं सगळं अजून वापरते. तुझा बाबा पंधरावी झाला, त्यातलं किती वापरतो ते विचार त्याला एकदा.

तर तुझे बेडूकमासे. सांगितलंस तसा पालक उकडते, गार करते, बोटांनी चुरते आणि चिमूटभर सोडते. मीठ घालत नाही हो. पहिल्या दिवशी सवयीने हात मिठाच्या डब्यात गेला होता, तुझी शपथ. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालते. पानाचा चुरा पडला की सगळे असे तुटून पडतात, की मला लग्नातले आपले देवगडचे पाहुणे आठवले. मी मागच्या दारात स्टूल टाकून बघत बसते. काल बघता बघता दूध उतू गेलं. त्याचं पाप तुझ्या माथी.

शेजारी नवीन बिल्डिंगसाठी खणलेल्या त्या खड्ड्यात परवा सिमेंट ओतलं. बादली भरून ह्यांना घरी आणलंस ते बरं केलंस.

एक विचारायचं होतं. त्यातल्या एकाला मागे दोन काड्या फुटल्यात. हा तुझा भीमराज का? तू म्हणाली होतीस, सगळ्यात बारका तो भीमराज. पण मला सगळेच बारके दिसतात, चष्मा लावून सुद्धा. म्हणून ज्याला आधी पाय फुटले त्याला मी भीमराज म्हणून टाकलं. चालेल ना?

शाळा कशी आहे? डबा खातेस का? खरं लिही.

बेडकांची आया झालेली,
तुझी आजी


सोलापूर, ९ जुलै

माझ्या लाडक्या बेडूक-आयाबाई,

आजी, तू भलत्यालाच भीमराज केलंस! खरा बारका कोपऱ्यात असतो, त्याच्या शेपटीवर ठिपका आहे. आता त्याला राग येईल.

नीट वाच हं. मागचे पाय आले की पुढचे येतात, मग शेपूट आत जाते. तेव्हा ते काही खात नाहीत, शेपटीवरच जगतात. तेव्हा टबात एक दगड ठेव, अर्धा पाण्याबाहेर. नाहीतर ते बुडतील. हो, बेडूक बुडतात! हसू नकोस. वरून जाळी लाव. आणि शेपूट गेली की पालक बंद. मग त्यांना बारीक मुंग्या घालायच्या.

इथे पाऊस नाही. शाळा ठीक आहे. डबा खाते. वर्गात मला सगळ्या मुंबई म्हणतात, माझं नाव कुणी घेतच नाही.

बाबांनी प्रॉमिस केलंय की दिवाळीत वाकोल्याला जायचं. तोपर्यंत भीमराजला सांभाळ. दोन्ही भीमराजांना. मला ते मोठे झालेले बघायचेत. बाकी मला काहीच नको, नवीन ड्रेसपण नको. प्लीज आजी.

तुझी श्रुतिका


वाकोला, २६ जुलै

श्रुतिका बाय, आशीर्वाद घे आणि हसून घे,

शेपट्या गेल्या! एवढे एवढे, पावट्याच्या दाण्याएवढे, पण ऐट बघ, फौजदारासारखे दगडावर बसतात. दगड म्हणजे तुझ्या पणजीचा फुटका पाटा. चाळीस माणसांचा मसाला वाटला त्यावर, आता बेडूक बसले. पणजी वर बसून मला काय म्हणत असेल ते मी ऐकत नाही, कानांचा तेवढा एक फायदा.

मुंग्यांचं पण जमलं. साखर ठेवली की रांग येते, झाडूच्या काडीवर चढवून टबात झटकायची. परवा गटारी झाली. तुझे कुंडलिक आजोबा आले होते, कोंबडी-वडे केले. म्हटलं, आज टबातल्या लोकांची पण गटारी, मुंग्यांची पंगत घातली. तुला गंमत सांगते. बेडूक घास गिळताना डोळे मिटतो, आत ओढून घेतो. आणि कुंडलिक भावजी पण तस्सेच! नळी चोखताना डोळे गपकन बंद. मी एकदा टबात बघते, एकदा ताटाकडे बघते. भावजी विचारतात, वैनी, का हसतंस? काय सांगणार?

कालपासून श्रावण. आपल्या घरातला नेम तुला ठाऊक आहे. निलेशला लहानपणी टायफॉइड झाला, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा मी शंकराला बोलले, श्रावणात माझ्या घरात, माझ्या हातून एक जीव जाणार नाही. आज तुझा बाबा केवढा झालाय, दारातून आडवा जातो. तेव्हापासून श्रावणात डासाला सुद्धा मी पदराने वारते, मारत नाही. मोरीत मांजर यायची तिलाही दहीभात. नाक मुरडायची, पण खायची.

तर तुझे लोकही महिनाभर राहतील. पालक त्यांनी लहानपणापासून खाल्लाय, सवय आहे. आज मऊ भाताची शितं आणि पालक वाढला. बघत बसलेत नुसते. नवीन आहे ना, लाजत असतील.

तुझी आजी


सोलापूर, ३१ जुलै

आजी!!!

ते लाजत नाहीयेत! ते उपाशी आहेत!

बेडूक लहान असताना शाकाहारी असतो आणि मोठा झाला की नाही. त्यांचं पोटच आतून बदलतं. त्यांना जिवंत लागतं. त्यांना श्रावण नसतो आजी!

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, आईचा नेम मोडायची माझी छाती नाही, तो माझ्याच नावाचा आहे. मी जेवले नाही. मग त्यांनी तुला मेसेज केला, पण तू बघतच नाहीस, मोबाईल डाळीच्या डब्यामागे ठेवतेस.

तू शंकराला सांग ना, की श्रुतिकाने सांगितलं म्हणून मुंग्या घातल्या. दुधाचं पाप माझ्या माथी आहेच, त्यात हेपण टाक.

लवकर. प्लीज.

श्रुतिका


वाकोला, ९ ऑगस्ट

माझ्या रडूबाई,

शाई पसरलीय म्हणजे रडलीस. आधी एवढं वाच: भीमराज आहे, आणि जेवलाय. आता डोळे पूस, बैस, बाकीचं सावकाश वाच.

तुमचं शास्त्र सगळं उलटंच गो. माणूस मोठा झाला की माळ घालतो, हे मेले मोठे झाले की काढतात!

तुझं पत्र यायच्या आधीच मला शंका आली होती. भाताची ताटली मी टबाच्या आत पाट्यावर ठेवलेली. एवढ्यात आपल्या डोक्यावरून विमान उतरलं. मला ऐकू येत नाही, पण पायांना कळतं, मोरीतली भांडी थरथरतात. ताटली थरथरली, भाताचं एक शीत हललं आणि भीमराजने फटकन जीभ मारली! म्हटलं, धरला पोराने नेम! तर दुसऱ्या क्षणी थू. आणि दोन्ही हातांनी तोंड पुसतोय, मी त्याला कारलं खाऊ घातल्यासारखा. तेव्हा कळलं, ह्याला हलतं ते जेवण, बाकी सगळं दगडमाती. पण महिनाभर विमानांच्या भरवशावर भात कोण वाढणार?

मग तुझं पत्र आलं. हातात तुझं पत्र, टबात पोटं आत गेलेले ते, आणि भिंतीवर माझा शंकर. भावजींना विचारलं, ते म्हणाले, "वैनी, बेडकांका श्रावण पाळूक लावलंस? नाल्यात सोड आणि मोकळी हो." जयंती म्हणाली, तुम्ही डोळे मिटा मावशी, मी मुंग्या टाकते. म्हटलं, माझ्या घरात तुझा हात तो माझाच हात, देवाला काय तेवढं कळत नाही?

आता ऐक. सोमवारी उपास होता. स्टुलावर बसून केळं खात होते, जाळी उचलून ह्याचं पोट बघत होते, साल टबात पडली. कंबर धरलेली, म्हटलं राहू दे, उद्या काढीन. उद्या काढायची विसरले. परवा बघते तर सालीवर चिलटंच चिलटं! आणि तुझा भीमराज सालीसमोर बसलाय, खानावळीत मासिक पास असल्यासारखा. फट. डोळे बंद. फट. डोळे बंद.

मी कुणाला मारलं नाही. मी उपास केला, केळं खाल्लं. चिलटं आपल्या पंखांनी आली, बेडूक आपल्या जिभेने जेवला. मी फक्त स्टुलावर होते. शंकरापुढे दिवा लावला आणि सांगितलं, पटत नसेल तर सांग. पण तुझ्या गळ्यात तो नाग बसलाय, तो काय खातो हे मी कधी तुला विचारलं नाही.

काही बोलला नाही.

आता सोमवारचा उपास आहेच, गुरुवार-शनिवार पण धरते. जयंती सगळ्या कॉलनीला सांगत सुटलीय, मावशींची भक्ती काय वाढलीय.

केळेवाल्याची लाडकी,
तुझी आजी


सोलापूर, १६ ऑगस्ट

उपासवाल्या आजीला लोटांगण,

मी तुझं पत्र तीनदा वाचलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, सासूबाई वकील व्हायला हव्या होत्या.

पण आजी, तू फक्त भीमराजचंच लिहितेस. बाकीचे पण खातात ना केळ्यावर? ठिपकावाला बारका खातो का? त्याला धक्काबुक्की जमत नाही, त्याच्यासाठी वेगळी साल ठेव.

दिवाळीला आता थोडेच महिने राहिले.

श्रुतिका


वाकोला, २६ ऑगस्ट

श्रुतिका बाय,

श्रावण संपला. भीमराज आता सुपारीएवढा झालाय. परवा त्याच्यासाठी सुकट भिजवून ठेवली, ढुंकून बघितलं नाही. मग कोळंबीचा बारीक तुकडा दोऱ्याला बांधला आणि त्याच्या नाकासमोर नाचवला. जयंती दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, मावशी, आमच्या मुलांना पण तुम्हीच भरवा. खाल्लान्! दोऱ्यासकट ओढत होता, मी इकडून, तो तिकडून.

बाकीच्यांचं विचारलंस.

तू विचारशील म्हणूनच मी मागच्या पत्रात भीमराज, भीमराज करत राहिले. बाय, मी भात वाढत होते त्या आठवड्यात ते गेले. एकेक करून. तुझा ठिपकावाला पण. शेपूट गेली तरी मी त्याला ओळखायची, कोपऱ्यातच बसायचा. मला वाटलं, हा सगळ्यात लाजाळू. तुळशीत ठेवलेत सगळ्यांना.

हा एकच राहिला.

आजी


वाकोला, १६ सप्टेंबर

श्रुतिका,

पत्र नाही आलं. रागावलीस. रागाव, तुझा हक्क आहे. पण रागातही वाचता येतं, म्हणून लिहिते.

काल भीमराजने अंगातला शर्ट काढून खाल्ला. खोटं नाही सांगत. आधी पाठ बाकवली, जांभया दिल्यासारखं केलं, मग अंगावरची कातडी दोन्ही हातांनी ओढून ओढून तोंडात कोंबली. खाली नवीन शर्ट, इस्त्री केलेला. तुझ्या बाबाने लहानपणी कॉलर चघळून चघळून संपवली होती, पण अख्खा शर्ट नाही.

तुझी आई कळवते, डबा तसाच परत येतो, शाळा सुरू झाल्यापासून. आणि मला लिहितेस, खाते. बघ, मी तुझ्यापासून लपवलं, तू माझ्यापासून. एकाच घरच्या आपण. भीमराजसमोर मी कोळंबी नाचवते. तुझ्यासमोर काय नाचवू सांग.

पत्र नाही लिहिलंस तर मी दर आठवड्याला लिहीन. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर वाचून तुझे डोळे जातील, मग बसशील.

तुझीच आजी


सोलापूर, २५ सप्टेंबर

आजी,

मी खूप रागावले होते. आता अर्धीच रागावलेय.

मधल्या सुट्टीत मी भीमराजने शर्ट खाल्ल्याचं सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, मुंबई, फेकू नकोस. इरावती नावाची मुलगी आहे, ती म्हणाली, पुरावा दाखव. मी दुसऱ्या दिवशी तुझी पत्रं नेली. तिने केळ्याचं पत्र मोठ्याने वाचलं, शंकराचा नाग आला तेव्हा तिला इतकं हसू आलं की बाई आल्या. मग बाईंनी पण वाचलं. इरावतीने मला तिच्या डब्यातली शेंगाचटणी दिली, मी तिला माझी पोळी दिली. आता आम्ही रोज तसंच करतो. डबा खाते. ह्या वेळी खरं.

सगळ्या विचारतात, आजीचं पत्र आलं का?

आता जो भीमराज आहे तोच भीमराज. ठिपकावाल्याला मी दुसरं नाव दिलंय. ते तुला सांगणार नाही. पण दिवाळीत आले की तुळशीपाशी जाऊन त्याला सांगीन.

हा एक तरी दिवाळीपर्यंत सांभाळ.

श्रुतिका


वाकोला, २ नोव्हेंबर

माझ्या पाहुणीबाय,

तुम्ही गेलात आणि घर एवढं मोठं झालं की मला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला रिक्षा करावी लागेल.

तुझ्या हातावर त्याने मुतलं ते तू मनावर घेऊ नकोस. पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तू पण मला तेच दिलं होतंस. जवळच्या माणसालाच देतात ते.

तुळशीपाशी तू काय पुटपुटत होतीस, मला ऐकू आलं नाही. मुद्दाम नाही हो, मशीन काढलेलं होतं.

दिवाळीत तू नाचवलेला दोरा आणि माझी कोळंबी, तो वाट बघतोय.

आजी


वाकोला, २० एप्रिल २०२६

श्रुतिका बाय,

आता भीमराज चांगला बटाट्याएवढा झालाय, अंगावर खडे असलेला. गांडूळ खातो, झुरळ खातो, आणि झुरळ खाल्ल्यावर माझ्याकडे असं बघतो की कुंडलिक भावजी विड्याची वाट बघतायत असं वाटतं. जयंती आपल्या घरातली झुरळं काचेच्या बरणीत घालून आणून देते, हळदीकुंकवाला आल्यासारखी.

पण एक सांगायचं आहे, आणि ह्या वेळी लगेच सांगतेय. तो संध्याकाळ झाली की जाळीला नाक घासतो. घासून घासून नाक सोललंय, पांढरा डाग पडलाय. मी फडकं लावून बघितलं, तर फडक्याला घासतो. खायला सगळं पुढ्यात आहे, तरी घासतो.

तू दिवाळीत म्हणालीस, मला विचारल्याशिवाय सोडायचं नाही. म्हणून विचारतेय. तू म्हणशील तसं.

आजी


सोलापूर, ३० एप्रिल

आजी,

दोन दिवस तुझं पत्र दप्तरात घेऊन फिरले. मग इरावतीला विचारलं. ती म्हणाली, तुला मुंबईहून इथे आणलं तेव्हा तू पण जाळीला नाक घासत होतीस. ती अशीच बोलते.

मे महिन्यात आम्ही येत नाही, बाबांना सुट्टी नाही. म्हणजे मी असताना सोडता येणार नाही.

सोड त्याला. पण आता कोरड्यात नको, जमीन भिजल्यावर सोड. मागे, धुण्याच्या दगडापाशी, रस्त्याच्या बाजूला नाही. टब तिथेच ठेव, उलटा करू नकोस. तो परत येणार नाही, मला माहितीये. तरी ठेव.

नाकाला हळद लावू नकोस हं आजी. तू लावशील म्हणून सांगतेय.

श्रुतिका


वाकोला, २१ जून २०२६

माझ्या शहाण्या बायला,

हळद लावली नाही. हातात घेतली होती.

जमीन भिजली तशी मी जाळी काढली. म्हटलं, जा बाबा. तो पाट्यावर बसला. मी स्टुलावर बसले. मला वाटलं, आता निरोप घेईल, काहीतरी करील. माशी आली, ती खाल्लीन्, डोळे मिटलेन् आणि उडी मारून धुण्याच्या दगडामागे गेला. वळून पण बघितलं नाही. अगदी तुझा बाबा बोहल्यावरून उतरला होता तसा.

टब तिथेच ठेवला. पावसाने भरला. मी केळ्याची साल पण कडेला ठेवत राहिले, उपास नसताना. जयंती म्हणाली, मावशी, तो गेला. म्हटलं, मला केळी आवडतात.

काल दिवेलागणीला जयंती तणतणत खाली आली. कानावर हात. मला खुणेने सांगते, मागे काय लावलंय तुम्ही, टीव्ही ऐकू येईना. मी म्हटलं, मी काय लावणार, मला कुठे ऐकू येतं? तिने मला हाताला धरून मागच्या दारात नेलं.

टबात पाटा बुडालेला, वर बोटभर पाणी, आणि त्यात बसलेला तो. नाकावर पांढरा डाग. गळा असा फुगवलेला, लहान मुलाने च्युईंगमचा फुगा काढावा तसा. मी वाकून वाकून बघितलं. मशीन कानात होतं, त्यात नुसती खरखर. मग टबाच्या कडेला बोट टेकवलं. थरथरत होती.

वर बघितलं. विमान नव्हतं.

मी जयंतीला म्हटलं, ओरडू दे त्याला. तुझा टीव्ही उद्या पण असेल.

आज सकाळी बघते तर पाण्यात काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा, पाट्याला गुंडाळलेल्या. रात्रीत लग्न उरकलंन् मेल्याने, मुलाकडची आजी घरात असून कुणी विचारलं नाही. बायको बघायलाही मिळाली नाही, भीमराज पण पसार.

निलेश म्हणतो, गणपतीला गावी जाताना इथे दोन दिवस थांबायचं आहे तुम्हाला. तोपर्यंत ह्यांच्या शेपट्या गेलेल्या असतील. इरावतीलाही आण, पुरावा दाखवू. श्रावण मध्ये येतोय, पण घाबरू नकोस, केळेवाल्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय, आणि ह्या वेळी मी भाताची ताटली टबाजवळ नेणार नाही. कोपऱ्यात कोण बसतो ते रोज बघीन.

पालक उकडत ठेवलाय. गार झाला की चुरते. मीठ नाही घातलेलं.

आता पणजी झालेली,
तुझी आजी